आधी शोधा, मग आजीला सांगा

‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ हे वाक्य हल्ली माझ्या दवाखान्यात दिवसातून चार वेळा तरी ऐकू येते. पूर्वी रुग्ण म्हणत, ‘शेजारच्या काकूंना गुण आला.’ आता म्हणतात, ‘डॉक्टरबाई, अमेरिकेत संशोधन झालंय.’ कोणी केले, किती माणसांवर केले, कुठे छापले, असे विचारले की खिशातून मोबाइल बाहेर येतो. पिवळ्या पट्टीवर मोठी अक्षरे, खाली हात जोडल्याचे चित्र आणि ‘किमान दहा जणांना पाठवा’ अशी आज्ञा. शेजारच्या काकूंचे एक बरे होते. त्यांना जाऊन विचारता तरी येत असे.

यात हसण्यासारखे फारसे काही नाही. मागच्या पावसाळ्यात एका निवृत्त गृहस्थांनी रक्तदाबाची गोळी सहा आठवडे बंद ठेवली. ‘या गोळ्यांनी मूत्रपिंड निकामी होते’ असे ‘संशोधन’ घरात वाचून दाखवले गेले होते. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. आटोक्यात न ठेवलेला रक्तदाब हाच मूत्रपिंडाचा मोठा वैरी. ते माझ्याकडे आले तेव्हा तोंड एका बाजूला ओढले गेले होते आणि उजवा हात उचलत नव्हता. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी उपचार झाले, जीव वाचला, आता काठी घेऊन चालतात. तो मजकूर वाचून दाखवणारा नातू बारावी विज्ञान शाखेला आहे. हुशार आहे, भौतिकशास्त्रात नव्वदच्या वर गुण आहेत. त्याला मी दोष देत नाही. बारा वर्षे शाळेत घालवून त्याला एवढे कोणी सांगितले नव्हते की, ‘संशोधन’ म्हणून जे पुढ्यात येते ते खरोखर कुठे छापले आहे का, हे पाहण्याची सोय जगात आहे, ती फुकट आहे आणि त्याच्याच हातातल्या मोबाइलवर आहे.

म्हणून माझे म्हणणे असे. अकरावीपासूनच्या मुलांना, केवळ विज्ञानाच्याच नव्हे तर कला-वाणिज्यच्याही, वैद्यकीय संशोधनाच्या सूचीत शोध घ्यायला शिकवावे. आणि जे सापडेल ते घरच्या माणसाला मराठीत नीट सांगायलाही शिकवावे. यातला दुसरा भाग पहिल्यापेक्षा कठीण आहे आणि तो कुठेच शिकवला जात नाही.

ही सूची म्हणजे काय, हे आधी सांगते. मी एम.बी.बी.एस. करत होते तेव्हा ग्रंथालयात ‘इंडेक्स मेडिकस’ नावाचे जाडजूड खंड असत. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत कोणी काय छापले, याची विषयवार नोंद त्यात असे. अमेरिकी सैन्यातले एक शल्यविशारद जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ मध्ये ते काम सुरू केले. खंड उचलायला दोन हात लागत आणि अक्षर मुंगीएवढे. हवा तो निबंध नोंदीत सापडला तरी ते नियतकालिक आपल्या ग्रंथालयात असेलच असे नाही. मग लेखकाला परदेशी पोस्टकार्ड टाकायचे : ‘कृपया एक प्रत पाठवावी.’ दीड-दोन महिन्यांनी प्रत येई, कधी येतही नसे. तोवर परीक्षा होऊन गेलेली असे.

त्या खंडांची वारस म्हणजे आजची ‘पबमेड’. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९९७ च्या जूनमध्ये ती सर्वांना विनामूल्य खुली केली; छापील ‘इंडेक्स मेडिकस’ २००४ अखेर बंद झाले. आज पबमेडमध्ये तीन कोटी सत्तर लाखांहून अधिक नोंदी आहेत. नाव नोंदवावे लागत नाही, पासवर्ड लागत नाही. एस.टी.च्या स्टँडवर गाडीची वाट पाहत बसलेल्या माणसालाही ती पाहता येते. मात्र ही सूची आहे, हे विसरू नये. बहुतेक नोंदींत निबंधाचा सारांश मिळतो. संपूर्ण निबंध काहींचाच फुकट मिळतो. आणि सूचीत नाव आहे म्हणजे निबंध बरोबरच आहे, असेही नाही. त्याकडे पुढे येते.

शोधण्याचीही एक रीत आहे. मुले पूर्ण वाक्य टाकतात, ‘विंचू चावल्यावर काय करावे’ अशा थाटात. तसे करू नये. दोन-तीन नेमके शब्द टाकावेत, आजाराचे नाव आणि औषधाचे नाव, इंग्रजीत, आणि मध्ये ‘अँड’ घालावे, म्हणजे दोन्ही शब्द असलेल्याच नोंदी येतात. एकाच गोष्टीला दहा नावे असतात, ही अडचण सूची करणाऱ्यांनाही ठाऊक होती. आपण मोठ्या काकडीला तवसे म्हणतो, घाटावरचा माणूस काकडीच म्हणेल. बाजारात दोघांना एकाच टोपलीकडे पाठवायला हवे. तसे पाठवण्यासाठी या ग्रंथालयाने १९६० पासून विषयांची प्रमाण नावे ठरवून ठेवली आहेत. ‘हार्ट अटॅक’ असे शोधले तरी ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ या नावाखालच्या नोंदी मिळतात त्या यामुळेच.

गेली तीन वर्षे मी आमच्या गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात शनिवारी दुपारी एक वर्ग घेते. सहा संगणक आहेत, त्यातले दोन चालतात. बाकी मुले मोबाइलवर भागवतात. पहिल्या दिवशी मी विचारते, ‘मुंबईत ज्याने सहसा कोणी मरत नाही आणि आपल्या कोकणात मात्र मरते, असे काय?’ उत्तर ठरलेले असते : साप आणि इंगळी. मग म्हणते, चला, इंगळी शोधू. ‘स्कॉर्पियन स्टिंग’ असे शब्द इंग्रजीत टाकले की हजारो नोंदी पुढे येतात आणि मुलांचे चेहरे पडतात. मग त्याला ‘प्राझोसिन’ हा शब्द जोडायला सांगते. यादी झपाट्याने आखडते. आणि तिच्यात एकच आडनाव पुन्हा पुन्हा दिसू लागते : बावस्कर. नावाखाली गाव : महाड, जिल्हा रायगड.

‘मॅडम, आपलं महाड?’ हा प्रश्न प्रत्येक वर्षी कोणीतरी विचारतेच. मला त्या प्रश्नाचीच वाट पाहायची असते. संशोधन म्हणजे अमेरिकेत, पांढऱ्या कोटात, काचेच्या नळ्यांत होणारी गोष्ट, ही समजूत तिथे मोडते.

डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला आले आणि इंगळी चावलेली माणसे, विशेषतः मुले, डोळ्यांदेखत दगावताना त्यांनी पाहिली. इंगळीच्या विषाने शरीरातल्या उत्तेजक रसायनांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण पडतो आणि फुप्फुसांत पाणी साठते. ओकारी, दरदरून घाम, हातपाय थंडगार पडणे ही धोक्याची पूर्वचिन्हे त्यांनी रुग्णाशेजारी बसून टिपली आणि १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या नामवंत नियतकालिकात मांडली. पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी या रुग्णांना देऊन पाहिली आणि तेही १९८६ मध्ये तिथेच छापले. त्याआधी फुप्फुसात पाणी झालेल्या रुग्णांपैकी शंभरातले पंचवीस-तीस दगावत. गोळी वापरात आल्यावर ते प्रमाण अगदी थोडक्यावर आले. २०२२ मध्ये सरकारने त्यांना पद्मश्री दिली. (हे वाचून कोणी प्राझोसिन आणून घरी ठेवू नये. ती गोळी रक्तदाब एकदम उतरवू शकते. इंगळी चावली की माणसाला दवाखान्यात आणायचे, एवढेच आपले काम.)

आता वर्गातला मुख्य धडा. बावस्कर पतिपत्नींचा २०११ चा एक निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आहे आणि तो पूर्ण वाचायला मिळतो. तो मी मुलांपुढे ठेवते आणि पाच गोष्टी शोधायला लावते. किती रुग्ण? सत्तर. गट कसे केले? यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, पस्तीस-पस्तीसचे दोन. कोणाला काय दिले? एका गटाला नुसते प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि शिवाय विंचवाचे प्रतिविष. काय मोजले? दहा तासांनंतर किती जणांची सर्व लक्षणे पूर्ण गेली. आणि निकाल? प्रतिविष मिळालेल्या ३५ पैकी ३२ जणांची, नुसते प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८ जणांची.

इथे दरवर्षी तोच गोंधळ होतो. वर्गातला सगळ्यात चलाख मुलगा हात वर करून सांगतो, ‘म्हणजे प्राझोसिनचा काही उपयोग नाही. पस्तीसपैकी आठच बरे झाले!’ मग बाकीच्यांना विचारते, दहा तासांनंतर घड्याळ बंद पडले का? निबंधातच पुढे दिलेले आहे की, प्रतिविष मिळालेल्यांना बरे व्हायला सरासरी ८ तास लागले आणि नुसत्या प्राझोसिनवाल्यांना जवळजवळ १८. म्हणजे प्रश्न ‘प्राझोसिन उपयोगी की निरुपयोगी’ हा नव्हताच. ‘प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिले तर माणूस लवकर उठतो का’ हा होता. प्राझोसिन तर दोन्ही गटांना मिळाले होते. शिवाय कोणाला काय दिले हे डॉक्टरांना आणि रुग्णांना माहीत होते, आणि सगळे रुग्ण एकाच रुग्णालयातले होते, हेही मुलांनी वहीत लिहायचे. निबंध थोर माणसाचा आहे म्हणून त्याला प्रश्न विचारायचे नाहीत, असे नाही. संशोधकाला प्रश्नांचा राग येत नसतो. येत असेल तर तो संशोधक कसला!

एवढे झाले की घरचा अभ्यास. इंग्रजी न येणाऱ्या घरातल्या एका माणसाला हा निबंध सांगायचा. पुढच्या शनिवारी आपण काय सांगितले ते लिहून आणायचे नाही. त्या माणसाला काय समजले, ते त्याच्याच शब्दांत लिहून आणायचे.

या वह्या वाचण्यासारख्या असतात. एका मुलीच्या आजीचे वाक्य होते, ‘म्हणजे अंगारा लावून मग न्यायचं नाही, आधीच न्यायचं.’ निबंधात अंगाऱ्याचा उल्लेखसुद्धा नाही. पण बारा तास मांत्रिकाकडे बसवून आणलेल्या मुलाला या तासांच्या हिशेबाचा फायदा मिळणार नाही, हे त्या बाईंनी आपले आपण काढले. दुसऱ्या एका मुलाच्या वडिलांनी सांगितले होते, ‘इंजेक्शन चांगलं आहे, आता गोळीची गरज नाही.’ हे साफ चूक. वही उघडून पाहिले तर मुलाने घरी सांगताना ‘प्राझोसिन दोन्ही गटांना दिले होते’ हे एवढे एकच वाक्य गाळले होते. शोध बरोबर, वाचन बरोबर, आकडे बरोबर. एक वाक्य राहिले आणि ऐकणाऱ्याच्या मनात उलटा अर्थ बसला. मी त्या मुलाला गुण कमी दिले नाहीत. त्याला परत घरी पाठवले, वडिलांना पुन्हा सांगायला.

संशोधन सांगण्याची कला किती जिवावरची आहे, याचे माझ्या मते सर्वांत मोठे उदाहरण मीठ-साखर-पाण्याचे आहे. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन पुरेना. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज मिसळलेले पाणी पिंपात भरून ठेवले आणि नातेवाइकांनाच ते रुग्णाला पाजायला सांगितले. मृत्यूचे प्रमाण शंभरात सुमारे तीसवरून चारच्या आत आले. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ने या पाण्याला या शतकातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरवले. पण छापून आल्याने खेड्यातल्या आईला काय कळणार? ते काम बांगलादेशातल्या ‘ब्रॅक’ या संस्थेने केले. १९८० ते १९९० या काळात तिच्या कार्यकर्त्या घरोघर गेल्या, सव्वा कोटीच्या आसपास घरांत. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी, आणि लक्षात ठेवायचे दहा मुद्दे, एवढे त्या आईला शिकवत आणि तिच्याकडून पाणी करवून घेत. आणि त्यांचा पगार? तो ठरत असे आईला नंतर किती आठवते यावर. दुसरा माणूस मागाहून जाऊन काही घरांत विचारून येई. आईला जितके मुद्दे आठवत, तितके पैसे. सांगणाऱ्याची हुशारी ऐकणाऱ्याच्या डोक्यात मोजायची, असे या व्यवस्थेत होते. आपल्या एकाही परीक्षेत असे मोजमाप मी पाहिलेले नाही. (आज मात्र जुलाब झाले की आरोग्य केंद्रातली ओ.आर.एस.ची पुडीच आणावी; तिच्यात मापे नेमकी असतात.)

उलट, सांगण्यात चूक झाली तर काय होते, तेही पाहा. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमध्ये सरकारी समितीने जाहीर केले की, नव्या प्रकारच्या काही गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. दुप्पट! वर्तमानपत्रांनी तो शब्द उचलला, बायकांनी गोळ्या सोडल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे तेरा हजार गर्भपात जास्त झाले. आणि ‘दुप्पट’ म्हणजे किती होते? जुन्या गोळीवर ७००० बायकांमागे एकीला गुठळी होत असे, नव्या गोळीवर दोघींना. आकडा खोटा नव्हता, सांगण्याची रीत घातक होती. म्हणून माझ्या वर्गात ‘दुप्पट’, ‘निम्मा’, ‘तीस टक्क्यांनी कमी’ हे शब्द घरी सांगताना वर्ज्य आहेत. किती माणसांपैकी किती, असेच सांगायचे. आपल्या गावात हजार माणसे असली तर त्यांतल्या किती जणांना फरक पडेल, असे म्हटले की आजोबांनाही कळते. बाजारात ‘पन्नास टक्के सूट’ अशी पाटी दिसली की आपण आधी मूळ किंमत विचारतोच ना!

सूचीत आहे म्हणजे बरोबर नव्हे, असे मी वर म्हटले. १९९८ मध्ये याच ‘लॅन्सेट’ने एक निबंध छापला. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा स्वमग्नतेशी संबंध असावा, अशी शंका त्यावरून पसरली. अभ्यासातली मुले किती? बारा. तरी त्या शंकेने ब्रिटनमध्ये लसीकरण घसरले, गोवर परतला. पुढे निबंधातला लबाडीचा भाग उघड झाला आणि २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने तो मागे घेतला. आज पबमेडमध्ये ती नोंद उघडली तर ‘मागे घेतलेला’ असा ठळक शिक्का दिसतो. पण मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरावर तो शिक्का कसा येणार? तसेच हळदीचे. हळदीतल्या द्रव्यावर हजारो निबंध आहेत आणि त्यांतले बरेचसे काचेच्या बशीतल्या पेशींवर किंवा उंदरांवर केलेले. बशीतली पेशी मेली म्हणजे माणसाचा कर्करोग बरा झाला, असे होत नाही. पोटातून घेतलेले ते द्रव्य रक्तात फारच थोडे उतरते. हळद आमटीत घालावी. केमोथेरपी सोडून हळदीच्या गोळ्या घेऊ नयेत.

आता नवी भर पडली आहे ती संभाषण करणाऱ्या यंत्रांची. मुले म्हणतात, शोधायचे कशाला, चॅटजीपीटीला विचारले की तो मराठीतच सांगतो. सांगतो खरा, आणि बऱ्याचदा चांगले सांगतो. पण संदर्भ मागितले तर कधी कधी न छापलेल्या निबंधांची नावेही देतो. लेखक, वर्ष, पान, सगळे अगदी खऱ्यासारखे. मागच्या वर्षी एका मुलाने अशी पाच निबंधांची यादी आणली. पबमेडमध्ये पाहिले तर तीन कुठेच नव्हते, चौथा होता तो कोंबड्यांवरचा. पाचवा खरा निघाला आणि तोच नेमका मुलाने वाचला नव्हता. पबमेडच्या प्रत्येक नोंदीला एक क्रमांक असतो. तो क्रमांक मागा, सूचीत टाका, तोच निबंध उघडतो का पाहा. पत्त्यावर जाऊन घर आहे का, हे पाहण्यासारखेच ते आहे.

माझे काही व्यवसायबंधू या सगळ्यावर नाराज आहेत. एक जण म्हणाले, ‘आधीच पेशंट डोकं खातात, तुम्ही त्यांना हत्यारं देताय.’ त्यांचा त्रास मला कळतो. दिवसाला ऐंशी रुग्ण तपासणाऱ्याला प्रश्न नकोसे होतात. पण प्रश्न तर येतच आहेत, पिवळ्या पट्टीवरून. वर्गातली मुले आजीबरोबर दवाखान्यात येतात तेव्हा विचारतात, ‘मॅडम, ही गोळी आजीच्या वयाच्या लोकांत तपासली आहे का?’ हा प्रश्न मला आवडतो. त्याने माझी दोन मिनिटे जातात आणि आजी गोळी सोडत नाही.

शिक्षकांची अडचण खरी आहे. अभ्यासक्रम संपत नाही, निवडणुकीची कामे आहेत, आणि ‘इंग्रजी येत नाही’ हे तर आहेच. इंग्रजीबद्दल एवढेच सांगते : या सारांशांची भाषा ठरावीक असते. चाळीस-पन्नास शब्द वहीत लिहून पाठ केले की मुलांचे अडत नाही. खरी अडचण उलट्या बाजूला, मराठीत येते. परिभाषा कोशातला ‘यादृच्छिक नियंत्रित चाचणी’ हा शब्द मी एका आजीपुढे उच्चारला असता तर तिने मलाच चाचणीला पाठवले असते. ‘चिठ्ठ्या टाकून दोन गट केले, एकाला औषध दिले, एकाला नाही’ असे म्हणा की! शास्त्रीय शब्द असू देत, पुस्तकात त्यांची गरज आहे. पण ओटीवर बसून बोलताना ते बाजूला ठेवावेत.

आणखी एक गोष्ट कडू आहे, पण लिहिते. पदवीच्या मुलांना हल्ली स्वतःचे ‘पेपर’ छापायला लावण्याची टूम निघाली आहे. पैसे भरा आणि आठवड्यात छापून घ्या, अशी नियतकालिकांची दुकाने त्यावर चालतात. इकडून तिकडून चार परिच्छेद जोडलेले, कोणी न तपासलेले, कोणी न वाचलेले ते कागद. त्या पैशांत महाविद्यालयाचे बंद पडलेले चार संगणक दुरुस्त झाले असते. सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेखाली २०२५ पासून सुमारे तेरा हजार नियतकालिके सरकारी उच्चशिक्षण संस्थांतल्या विद्यार्थ्यांना खुली केली आहेत. योजना चांगली आहे. पण खुले असलेले वाचायचे कसे हे कोणी शिकवणार नसेल, तर त्यांचा उपयोग कोण आणि कसा करणार?

येत्या डिसेंबरात तालुक्याचे विज्ञान प्रदर्शन आहे. ज्वालामुखी आणि पवनचक्क्या दरवर्षीप्रमाणे येतीलच, येऊ देत. त्यात एक नवा विभाग असावा, असे मी मुख्याध्यापकांना सुचवले आहे आणि दोन शाळा तयार झाल्या आहेत. प्रत्येक गटाने आपल्या भागातल्या एका आजारावरचा एक खरा निबंध शोधायचा. सर्पदंश, लेप्टोस्पायरोसिस, पांडुरोग, काहीही. नोंदीचा क्रमांक तक्त्यावर वरच लिहायचा. मग पाच मिनिटे सांगायचे. तिघे परीक्षक. त्यांपैकी एक विज्ञान शिक्षक, एक डॉक्टर, आणि तिसऱ्या खुर्चीवर दुसऱ्या कुठल्या तरी मुलाची आजी, आजोबा किंवा आई, ज्यांनी तो विषय आधी ऐकलेला नाही. मुलांचे सांगून झाले की शिक्षक त्या तिसऱ्या माणसाला विचारतील, ‘काय कळलं, सांगा.’ दहापैकी पाच गुण त्या उत्तराला. खुर्चीवर बसायला तयार असणाऱ्यांनी आपल्या शाळेत नाव द्यावे. चष्मा आणला नाही तरी चालेल, वाचायचे काही नाही. मध्ये इंग्रजी शब्द आला आणि समजला नाही, तर तिथल्या तिथे हात वर करायचा.